उद्यान एक्सप्रेसने आयर्न मेडनला

आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडची गाणी मी कित्येक वर्षं बासशिवाय ऐकली. तेव्हा ते कळायलाही काही मार्ग नव्हता. मुंबईच्या मावसभावाकडे मूळ कॅसेट होती. तिच्यावरून त्याच्या मित्राने एक भरून घेतली आणि त्या भरलेल्या कॅसेटवरून माझी भरली गेली. आमचा टेपरेकॉर्डर आजोबांनी नाट्यगीतं ऐकायला घेतलेला, एकाच स्पीकरचा, आणि तो स्पीकरही तळहातात मावेल एवढा. बास गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा सूर तसल्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. शिवाय प्रत्येक नकलेत वरचे सूर थोडे मळतात आणि मागची खरखर वाढत जाते. त्यामुळे माझ्यापर्यंत पोचायचा तो गाण्याचा फक्त मधला थर. गायक ब्रूस डिकिन्सनचा आवाज, गिटारी, आणि त्यांच्यामागे सतत चाललेली एक बारीक टकटक.

ती टकटक म्हणजे स्टीव्ह हॅरिस. २५ डिसेंबर १९७५ ला पूर्व लंडनमध्ये ज्याने हा बँड उभा केला, ज्याने त्यातली बहुतेक गाणी लिहिली, तो माणूस बास वाजवतो. प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची पट्टी, न वापरता, बोटांनी. इतर बँडमध्ये बास मागे राहून गाणं धरून ठेवतो. इथे तो पुढे धावतो आणि गिटारी त्याच्या बरोबरीने धावतात. हे सगळं मी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’च्या जुन्या अंकांत वाचलं होतं. अलाहाबादहून निघणारं ते मासिक पुण्यात आमच्यासारख्यांच्या हातोहात फिरायचं. कोपरे दुमडलेले, मधली पोस्टरं कुणीतरी आधीच काढून घेतलेली. बासबद्दल मी इतकं वाचलं होतं की त्यावर तासभर बोललो असतो. कानावर मात्र तो पडलेला नव्हता.

पुढे हेडफोन आले, हॉस्टेलच्या लॅनवर फिरणाऱ्या एमपीथ्री फायली आल्या. बास थोडा थोडा ऐकू यायला लागला. पण तो कानातच राहायचा.

परदेशी बँड आपल्याकडे येतात ही आमच्यासाठी मोठ्या मुलांकडून ऐकायची गोष्ट होती. १९८० साली द पोलीस मुंबईत वाजवून गेले होते, तेव्हा तर माझ्या आईबाबांचं लग्नही झालेलं नव्हतं. २००३ च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स आले, बंगळूरला आणि मग ब्रेबर्न स्टेडियमवर. तेव्हा माझी बारावी नुकतीच झालेली आणि डोळ्यांसमोर सीईटी. हेवी मेटलमधलं मेडनएवढं मोठं नाव तर कधी आलंच नव्हतं. त्यामुळे २००७ च्या सुरुवातीला ऑर्कुटवर ‘मेडन बंगळूरला येतोय’ असं कुणीतरी टाकलं तेव्हा आम्ही ते वाचून पुढे गेलो. असल्या अफवा दर हिवाळ्यात उठायच्या. मग एका संध्याकाळी सायबर कॅफेत बसून बँडचं स्वतःचं संकेतस्थळ उघडलं. दौऱ्याच्या तारखांमध्ये १७ मार्च आणि समोर बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स. शेजारच्या खुर्चीवर माझा रूममेट होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही. त्याने फक्त ते पान प्रिंटला दिलं. तो कागद मग खोलीच्या दारावर आतून चिकटवलेला राहिला.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सबमिशन तोंडावर, प्रोजेक्ट अर्धवट. दहावीच्या दोन मुलांची गणिताची शिकवणी घ्यायचो, त्यातून तिकिटाचे पैसे उभे राहिले. बंगळूरला नोकरीला लागलेल्या आमच्या एका सीनियरने सगळ्यांची तिकिटं काढून ठेवली. रेल्वेचं आरक्षण केलं आणि मग घरी सांगितलं.

बाबा म्हणाले, “बंगळूरला? गाणी ऐकायला?”

“हो.”

“इथे ऐकतोस ती कमी पडतात?”

मी त्यांना बासचं सांगायचा प्रयत्न केला. कॅसेटमध्ये काय हरवतं, स्पीकरमधून काय येत नाही. ते वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत होते. मग आजोबाच आतून म्हणाले, “जाऊ दे रे त्याला. मी नाही का बालगंधर्वांना ऐकायला सांगलीहून कोल्हापूरपर्यंत सायकल मारली होती?” त्यावर बाबांना बोलायला काही उरलं नाही. आईची एकच अट होती, पाडव्याच्या आत घरी यायचं. पाडवा लगेच पुढच्या आठवड्यात होता.

शुक्रवारी दुपारी पुणे स्टेशनावर उद्यान एक्सप्रेस लागली तेव्हा ती आधीच अर्धी काळी झालेली होती. मुंबईची मुलं सकाळीच व्हीटीला चढलेली. स्लीपरच्या खिडक्याखिडक्यांतून काळे टी-शर्ट, आणि त्यांच्यावर एडी. एडी म्हणजे मेडनच्या प्रत्येक अल्बमच्या वेष्टनावर असणारा, डेरेक रिग्ज या चित्रकाराने घडवलेला तो सांगाडा. कधी सैनिक, कधी फॅरो, कधी साखळदंडात जखडलेला. पुण्याच्या फलाटावरही तसेच टी-शर्ट उभे होते. माझा एफ. सी. रोडवरून घेतलेला, चारपाच धुण्यांत विटलेला. कोण कुठल्या कॉलेजचा हे कुणी विचारत नव्हतं. टी-शर्टकडे बघायचं आणि तो कुठल्या अल्बमचा ते म्हणायचं, की झाली ओळख. पुण्यात आपल्यासारखे पंधरावीस जण असतील असं मला वाटायचं. त्या फलाटावर त्याहून कितीतरी जास्त होते, आणि त्यांतले निम्मे माझ्याच बसने रोज येणारे-जाणारे असावेत.

आमच्या समोरच्या बाकावर साताऱ्याकडचे एक काका आणि काकू होत्या. गाणगापूरला निघालेले. काकूंनी दौंड जायच्या आतच डबा उघडला आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर दशम्या ठेवल्या. काकांना आमच्या टी-शर्टांबद्दल फार कुतूहल.

“हे दैवत कुठलं म्हणायचं?”

“दैवत नाही काका. बँडचं चित्र आहे.”

“आणि हा बँड बघायला एवढी सगळी पोरं चालली?”

“ऐकायला.”

काकांनी हात पुढे केला. मी वॉकमनचा हेडफोन दिला. त्यांनी तो एकाच कानाला लावला आणि डोळे मिटून घेतले. मी मुद्दाम जुनं, धावत्या लयीचं गाणं लावलं होतं. मेडनची ही लय आम्ही सगळे गॅलप म्हणूनच ओळखतो. एक लांब आघात, त्याच्यामागे दोन आखूड, पुन्हा एक लांब, पुन्हा दोन आखूड. काकांची बोटं थोड्या वेळाने आपोआप बाकाच्या लाकडावर चालायला लागली आणि लय त्यांनी अगदी बरोबर पकडली. “घोडं आहे हे,” ते म्हणाले. “पण शब्द कळत नाहीत.” मग त्यांनी विचारलं, शब्द काय आहेत. ते गाणं क्रिमियन युद्धातल्या, १८५४ मधल्या बालाक्लाव्हाच्या लढाईचं. तोफांच्या तोंडावर घोडा घालणाऱ्या एका शिपायाच्या तोंडचं. मी ते जमेल तसं मराठीत सांगितलं. काका ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे पोवाडाच की.” मला याहून चांगलं कधी सांगता आलेलं नाही, आणि आजही कुणी मला मेडनबद्दल विचारलं तर मी काकांचंच वाक्य वापरतो.

सोलापूरला आणखी मुलं चढली. गाणगापूर रोडला काका-काकू उतरले. काकूंनी उरलेल्या दशम्या कागदात बांधून आमच्याकडेच दिल्या. रात्र पडल्यावर डब्यात गिटार निघाली. ज्यांची ओळख होऊन सहा तासही झाले नव्हते अशी मुलं एकमेकांना सुरांच्या जागा दाखवत होती. टीसी आला, तिकिटं बघितली, थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. गुंटकलच्या आसपास कधीतरी मला झोप लागली.

सकाळी बंगळूर. सीनियरच्या खोलीवर अंघोळ, कोपऱ्यावर इडली-वडा आणि कॉफी, की लगेच बाहेर. शहर बघायचं डोक्यातच नव्हतं.

रांग मात्र सांगायला हवी, कारण दिवसाचा बराचसा वेळ रांगेतच गेला आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलं नाही. पॅलेस ग्राउंड्सच्या बाहेर आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलेलं होतं. रांगेचं टोक कुठे आहे ते शोधत आम्ही भिंतीच्या कडेने बराच वेळ चालत राहिलो. चेन्नईची मुलं, कोचीची मुलं, कोलकात्याची. आमच्या पुढेच शिलाँगहून आलेला एक गट होता. आधी गुवाहाटीपर्यंत गाडीने, मग तिथून पुढे रेल्वेने, दिवसच्या दिवस. त्यांच्यातला एक मुलगा तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. शिलाँगमध्ये घरोघरी गिटार असते, तो सांगत होता, आणि शनिवारी संध्याकाळी गल्लीत दोनतीन बँड तरी वाजत असतात. मी त्याला आमच्या ढोल पथकाबद्दल सांगितलं. शाळेत असल्यापासून मी गणपतीत ढोल वाजवायचो. त्याला ढोल म्हणजे भांगड्याचा ढोल एवढंच माहीत. मग रांगेत उभ्याउभ्याच मी त्याला मांडीवर ताशाचे हात वाजवून दाखवले आणि त्याने त्यावर तोंडाने मेडनचा बास धरला. आजूबाजूचे टाळ्या द्यायला लागले. त्या मुलाचं नाव मी विचारलं होतं, आता आठवत नाही. चेहरा मात्र लख्ख आठवतो.

आत सोडायला लागले तसा रांगेचा जीव वर आला. खिसे उलटे करून दाखवायचे, पट्टे काढायचे, पाण्याच्या बाटल्या बाहेर. तिकिटाचा तुकडा फाडून हातात आला आणि मग सगळे पळत सुटले. मोकळं, मातीचं मैदान आणि टोकाला रंगमंच. पहिली लाट सरळ कठड्याकडे धावली. आमचा सीनियर आम्हाला ओढून मध्यावर घेऊन गेला. मैदानाच्या मधोमध एक बुटका मनोरा उभारलेला होता, ताडपत्रीखाली मिक्सरचं टेबल. सीनियर स्वतः कॉलेजच्या बँडमध्ये वाजवायचा. त्याचं म्हणणं असं की ध्वनीचा माणूस जिथे बसून आवाज जुळवतो, त्याच्यासमोर उभं राहिलं की त्याला जे ऐकू येतं तेच आपल्याला ऐकू येतं. कठड्याला बँड जवळून दिसतो, पण तिथे एका बाजूचा स्पीकर अंगावर येतो आणि गायकाचा आवाज डोक्यावरून जातो. बासचा प्रश्न होता म्हणून मी मुकाट ऐकलं. तरुणपणी मिळालेल्या सल्ल्यांत हा फार वरचा. आजही कुठल्या कार्यक्रमाला गेलो तर मी आधी मिक्सर कुठे आहे ते बघतो.

मेडनच्या आधी दोन कार्यक्रम होते. एक लॉरेन हॅरिस, स्टीव्हची मुलगी. दुसरा आपला दिल्लीचा ‘परिक्रमा’. त्यांच्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे, कारण त्या रात्रीच्या आठवणींत त्यांचं नाव मागे पडतं. १९९१ पासून हा बँड देशभर कॉलेजांतून वाजवत फिरत होता. समोर हजारो माणसं, आणि ती सगळी दुसऱ्याच कुणाची वाट बघणारी. अशा वेळी रंगमंचावर उभं राहणं सोपं नसतं. ते उभे राहिले. गिटारींच्या मधून व्हायोलिन वर चढलं तेव्हा आमच्या आजूबाजूची बडबड थांबली. त्यांचं काश्मीरवरचं जुनं गाणं सुरू झालं तेव्हा मागून शेकडो गळे साथीला आले. तीन महिन्यांनी हाच बँड इंग्लंडमध्ये डाउनलोड महोत्सवात वाजवायला गेला. बंगळूरला त्यांना ऐकल्यानंतरच ते बोलावणं आलं होतं. ती बातमी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आम्ही समोर होतो ना तेव्हा.

अंधार पडला. मैदानावर धूळ इतकी की दिव्यांचे झोत जाड दिसत होते. मेडनच्या कार्यक्रमाआधी नेहमी यूएफओ या बँडचं एक जुनं गाणं स्पीकरवर लावतात. जाणकारांना ती खूण असते. ते लागलं आणि आमच्या पुढचा शिलाँगचा मुलगा मागे वळून नुसता हसला. सगळे ते गाणं म्हणत होते, दुसऱ्याच कुणाचं गाणं. मग दिवे गेले.

पुढचं मला क्रमाने सांगता येत नाही आणि तसा आव मी आणणार नाही. पण पहिली दोन मिनिटं पक्की आठवतात.

आधी आवाज आला तो पायांतून. जमीन थरथरली, बुटांच्या तळव्यांना कळली. मग पोटात, मग छातीत. ढोल पथकात पन्नास ढोल एकदम पडतात तेव्हा बरगड्यांच्या आत जो धक्का बसतो तो मला चांगला ओळखीचा होता. हा तसाच होता, पण ढोलाचा ठोका पडतो आणि संपतो. हा संपत नव्हता. तो सुरात होता. तो चालत होता, वर चढत होता, खाली उतरत होता, आणि मला प्रत्येक पाऊल बरगड्यांवर मोजता येत होतं. कॅसेटमधली ती टकटक, इतकी वर्षं मागे कुठेतरी चाललेली, ती याची नुसती वरची साल होती. आतला गर आज पहिल्यांदा मिळाला. मी बँडकडे बघायचं सोडून मान खाली घालून उभा होतो, एक हात छातीवर ठेवून. रूममेटने खांद्याला धरून हलवलं. “अरे, बघ ना!” मग मी वर बघितलं.

स्टीव्ह हॅरिस रंगमंचाच्या अगदी कडेला, एक पाय समोरच्या स्पीकरवर, बास बंदुकीसारखा प्रेक्षकांवर रोखलेला, आणि ओठांनी गाण्याचा प्रत्येक शब्द म्हणत होता. पाचच दिवसांपूर्वी त्याला ५१ वर्षं पूर्ण झाली होती. डिकिन्सन ४८ चा. तो त्या रात्री जितका धावला तितकं मी पथकातही कुणाला धावताना बघितलेलं नाही, आणि धावताना त्याचा वरचा सूर हलत नव्हता. हाच माणूस एरवी प्रवासी विमानं उडवायचा. निको मॅकब्रेन ड्रमच्या डोंगराआड जवळजवळ दिसतच नव्हता. तो अनवाणी वाजवतो हे माहीत होतं, म्हणून उगाच त्याचे पाय शोधत होतो. जॅनिक गर्स गिटार अंगाभोवती फिरवत नाचत होता. डेव्ह मरे सगळा वेळ हसत होता. अ‍ॅड्रियन स्मिथ तेवढा शांत. तीन गिटारी एकत्र वाजताना त्यांतली कुठली कुणाची हे हेडफोनमध्ये मला कधीच कळलं नव्हतं. इथे डोळ्यांनी बघत ऐकलं की तिन्ही वेगळ्या व्हायच्या.

मध्येच मी जरा मागे गेलो, पाणी मिळतंय का बघायला. मैदानाच्या शेवटाजवळ एक गोष्ट लक्षात आली. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेवढ्या लांबून पाहिलं तर रंगमंचावर काडी ड्रमवर पडलेली आधी दिसायची आणि ठोका मागून यायचा. मागची मुलं त्या उशिराच्या ठोक्यावर उड्या मारत होती आणि पुढची वेळेवर. त्यामुळे सगळं मैदान एकदम न उसळता पुढून मागे लाटेसारखं उसळत होतं. मी पाणी न घेताच परत माझ्या जागेवर आलो.

२००६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या अल्बममधली गाणी त्यांनी बरीच वाजवली. लांब, युद्धावरची गाणी. रांगेत काही जण म्हणत होते की जुनीच वाजवावीत. मला ते पटत नाही. तीस वर्षांनंतरही ज्याला आजचं काही म्हणायचं असतं तोच बँड जिवंत. आणि इराकचं युद्ध चालू असताना, लढायला पाठवल्या जाणाऱ्या पोरांबद्दलचे ते शब्द हजारोंच्या गर्दीत उभं राहून ऐकताना वेगळे लागतात.

मग ‘फिअर ऑफ द डार्क’. हे गाणं १९९२ चं. सुरुवातीला गिटारीची एक शांत धून आहे, शब्द नसलेली. जगभर जिथे जिथे हे गाणं वाजतं तिथे लोक ती धून गातात. शब्द नाहीत म्हणून नुसतं ‘ओ-ओ’ करून. हे मी लाइव्ह अल्बमवर ऐकलं होतं. युरोपातलं कुठलंतरी मैदान, लांबून येणारा समुद्रासारखा आवाज. त्या आवाजात आपण कधी असू असं मला वाटलं नव्हतं. धून सुरू झाली आणि कुणी काही न सांगता सगळं मैदान गायला लागलं. मराठी, कन्नड, तमिळ, बंगाली, खासी. शब्दच नव्हते, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. माझ्या डाव्या हाताला कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच राहिलेला एक तिशीचा माणूस होता. तो गात होता आणि रडत होता आणि डोळे पुसायची तसदी घेत नव्हता. मीही रडलो. सुरात होतो की नाही ते माहीत नाही, कारण स्वतःचा आवाज ऐकूच येत नव्हता. गळा कापत होता एवढंच कळत होतं.

खोलीत दार लावून एकट्याने ऐकलेलं गाणं होतं हे. घरच्यांना त्रास नको म्हणून आवाज कमी करून ऐकलेलं. तेच गाणं असं ऐकलं की मागचा सगळा एकटेपणा एकदम फिटतो. मला दुसरे शब्द सापडत नाहीत.

शेवटचं गाणं १९८२ सालचं, फाशीच्या पहाटे आपल्या कोठडीत घंटा ऐकणाऱ्या कैद्याचं. ते सावकाश सुरू होतं आणि शेवटी वाऱ्यासारखं सुटतं. ते संपलं, दिवे लागले, आणि बराच वेळ कुणी जागचं हललं नाही.

बाहेर पडताना लक्षात आलं की काहीही ऐकू येत नाहीये. कानांत सगळीकडे एकच बारीक शिट्टी. सगळे एकमेकांशी ओरडून बोलत होते. त्यातच कुणाच्या तरी मोबाइलवर स्कोअर आला. त्याच संध्याकाळी सात वाजता तिकडे वेस्ट इंडीजमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनला, विश्वचषकात भारताचा बांगलादेशशी पहिला सामना सुरू झाला होता. आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेले, पण दिवसभर त्याची आठवण कुणी काढली नव्हती. भारत सर्वबाद १९१. गर्दीतून एक कण्हणं निघालं. “होईल, बांगलादेश आहे,” कुणीतरी म्हणालं.

सीनियरच्या खोलीवर पोचलो, टीव्ही लावला. कानांत शिट्टी होती म्हणून आवाज बंदच ठेवला. गच्च भरलेल्या खोलीत जमिनीवर पडून, मळलेल्या टी-शर्टांत, आम्ही तमीम इक्बालला पुढे येऊन झहीरला मारताना बघितलं. मध्यरात्र उलटून गेल्यावर पाच गडी राखून बांगलादेश जिंकला. एरवी अशा पराभवानंतर आम्ही दोन दिवस जेवलो नसतो. त्या रात्री द्रविडचा उतरलेला चेहरा बघून वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण रूममेट अंधारात छताकडे बघत ‘ओ-ओ’ म्हणायला लागला आणि मग सगळेच.

परतीच्या गाडीत गिटार निघाली नाही. सगळे झोपले होते. पाडव्याच्या आत घरी पोचलो. आईने दार उघडल्यावर काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, कानांतली शिट्टी तोवर पुरती गेली नव्हती. आजोबांनी मात्र जवळ बसवून, कानाशी येऊन विचारलं, “ऐकलास का तुझा तो बास?” मी त्यांचा हात माझ्या छातीवर ठेवला आणि तोंडाने गॅलप वाजवून दाखवला. ते बराच वेळ मान हलवत होते.

पुढच्या वर्षी १ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईत आला. त्यांच्या नव्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच बांद्रा-कुर्ला संकुलातून झाली, आणि बँड, माणसं, सामान सगळं एकाच बोइंग ७५७ मधून घेऊन डिकिन्सन स्वतः विमान चालवत जग फिरत होता. या वेळी मला नोकरी लागलेली होती, तिकिटं माझ्याच पगाराची होती आणि बरोबर धाकटी बहीण होती. माझ्या कॅसेटच्या खरखरीवरून जिने लहानपणी आईकडे रोज तक्रार केली तीच. आत शिरल्याबरोबर ती कठड्याकडे पळायला निघाली. मी तिचा हात धरला आणि तिला मिक्सरसमोर नेऊन उभी केली.